भोंगाच्या ड्रमरले

भद्रावती
रविवार, ११ सप्टेंबर २००५

रफीक,

सलाम अन् जय भीम.

हे पत्र मी आधी शाळेतल्या मराठीत लिहलं होतं. वाचून पाह्यलं तर एखाद्या बाबूनं नोटीस धाडल्यासारखं वाटलं, म्हणून फाडलं. आता जसा बोलतो तसाच लिहून राह्यलो. अक्षर तू ओळखलं असशील. ओळखून फेकलं नसशील तर पुढं वाच.

तुहा पत्ता हरिदासनं दिला. त्यानं नागभीडले मंडप-डेकोरेशनचा धंदा टाकला आहे. मागच्या महिन्यात मुलचेऱ्याले एका लग्नाचा मंडप घालाले गेला, तर बाजाराच्या गल्लीत पत्रा ठोकल्याचा आवाज आला म्हणे. वाकून पाह्यलं तर तू. धानाची कोठी बनवून राह्यला होता. डोळ्यावर चष्मा, दाढी अर्धी पांढरी. त्याची हाक माराची हिंमत नाई झाली. तसाच परत आला अन् मले सांगतलं. अबे, आपण अडतीसचे आहो. दाढी एवढ्यात कशी पांढरी झाली?

आता कामाचं सांगतो. चंद्रपूरच्या एका कॉलेजात आपली कॅसेट पोहोचली आहे. ब्याण्णव साली नागपूरले जाऊन भरली होती ती, 'तिसरी पाळी'. कोण्या पोरीच्या बापाच्या अलमारीत सापडली, तिनं तिची सीडी बनवली, अन् आता म्हणे आख्खं होस्टेल ऐकते. ती पोरगी, फरहा नाव, माह्या क्वार्टरवर आली. मी ओट्यावर तांदूळ निवडून राह्यलो होतो. म्हणाली, "सर, भोंगा बँडचे कुलदीप तुम्हीच का?" मी सूप बाजूले ठेवलं. बारा वर्षांत मले कोणी तसं विचारलं नव्हतं.

तिले खरं वाटत नव्हतं की भद्रावतीच्या कारखान्याच्या कॉलनीत चौघं जण मराठीत हेवी मेटल वाजवत होते. माह्या आईनं तिले चहा दिला अन् म्हणाली, "बाई, हे वाजवत तवा माह्या मांडणीवरचे गिलास खाली येत." आईची तब्येत बरी आहे. कानानं कमी ऐकते. तो आपलाच प्रताप असं म्हणते.

तर कॉलेजच्या गॅदरिंगले १८ डिसेंबरले, दुपारी चार वाजता, भोंगानं वाजवावं असं त्या पोरापोरींचं म्हणणं आहे. हरिदास तयार आहे, त्यानं बास गिटारले तारा चढवल्या. माही बहीण संघा तर ऐकूनच गाईन म्हणाली. डिसेंबरच पायजे, जानेवारी नको, असंही म्हणाली. ती आता नागभीडच्या दवाखान्यात नर्स आहे, जावई रेल्वेत, एक पोरगी आहे. सध्या दोन दिवस नागपूरले गेली आहे.

तुह्याशिवाय होत नाई. पुण्याले तेव्हा जो गैरसमज झाला त्याले आता बारावं वर्ष लागलं. त्या आयोजकानं ऐनवेळी घोळ केला, आपण तरी काय करणार होतो. सोडून दे.

भाभींना सलाम सांग. उत्तराची वाट पाहतो.

कुलदीप


भद्रावती
रविवार, ९ ऑक्टोबर २००५

रफीक,

तुहं कार्ड मिळालं. तीनच ओळी होत्या, पण पोस्टमननं वाचल्या, आईनं माह्याकडून वाचून घेतल्या, अन् मी तर किती वेळा वाचल्या ते सांगत नाई. "ड्रम मोडून कोठीले लावले. हात कामात आहेत. पुण्याले ज्याले बसवलं त्यालेच बोलाव."

मी मागच्या पत्रात खोटं लिहलं. गैरसमज नव्हता. ऐनवेळीही काही झालं नव्हतं. तुले हे माहीत असंल असं मले नेहमी वाटे, पण कोणी कोणाले कधी सांगतलं नाई, म्हणून आज लिहून ठेवतो.

तो आयोजक नागपूरले आपला कार्यक्रम पाहाले आला होता, चौऱ्याण्णवच्या जानेवारीत. मागाहून मले एकट्याले बाहेर नेलं. म्हणाला, पोरीचा आवाज भारी आहे, गाणे भारी आहेत, पण तो ड्रम पुण्याच्या स्टेजवर नाई चालणार, लोक हसतील. माह्याकडं एक ड्रमर आहे, त्याच्याजवळ खरा सेट आहे, त्याले कॅसेट पाठवून दे.

मी पाठवली. पुण्याच्या कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी, इथल्याच पोस्टातून, माह्या हातानं.

अन् त्याच आठ दिवसांत तू तुह्या अब्बांच्या दुकानात बसून सगळे ड्रम नवे करत होता. दवाखान्यातून जुन्या एक्स-रेच्या फिल्म मागून आणल्या अन् पिंपांवर ताणून बसवल्या. पितळी परात कापून नवी झांज केली. पिंपांवर तेलाच्या कंपनीचं नाव छापलेलं होतं ते दिसू नये म्हणून काळा रंग दिला. रफीक, तू रंग देत होता तेव्हा डबा मी धरून बसलो होतो. तू म्हणाला, "आता दिसून राह्यले ना कंपनीचे?" मी म्हणलो, "हो."

इथल्या भांदक स्टेशनवर आपण ते गोणपाटात गुंडाळून गाडीत चढवले. वर्ध्याले गाडी बदलली. रात्रभर तू मोठ्या पिंपाले टेकून बसला, कोणाचा पाय लागू नये म्हणून. मी समोरच्या बाकावर झोपेचं सोंग घेतलं.

हॉलमधी गेलो तर स्टेजवर तो चकचकीत सेट होता अन् त्याच्यामागं तो पोरगा. तू माह्याकडं पाह्यलं. मी तार जुळवत राह्यलो.

संघाले मी सांगतलं नव्हतं. हरिदासलेही नाई. ती स्टेजवरून उतरून चालली होती. मले वाटलं, संपलं. मग तू विंगेतून हात वर केला अन् तिले गा म्हणून खूण केली. म्हणून ती गायली. वाईट गायली. आपण सगळेच वाईट वाजवलो. त्या पोराले गाणे पाठ होते, पण संघा श्वास घ्याले थांबते तिथी थांबावं लागते हे त्याले कुठून ठाऊक असणार.

परतीच्या रस्त्यानं माह्या गिटारचा अँप तू उचलला. हे मी विसरूच शकत नाई. तुह्या पाठीवर तुहे पिंप होते तरी माहा अँप तू उचलला. भांदकले उतरून तो फलाटावर ठेवला अन् "चलतो" म्हणाला. त्यानंतर तुहा आवाज मी ऐकला नाई. दोन महिन्यांनी कळलं की तू सासरकडं कुठंतरी दुकान टाकलं.

संघा माह्याशी वर्षभर बोलली नाई. बँड तिथीच संपला.

तू ये किंवा नको येऊ. हे तुले कळणं बाकी होतं.

कुलदीप


भद्रावती
रविवार, ३० ऑक्टोबर २००५

रफीक,

तुह्याकडून काही नाई आलं, पण साबिराभाभींचं पत्र आलं. त्यांनी लिहलं ते तुले माहीत नसंल तर त्यांच्यावर रागावू नको. किती सुंदर अक्षर आहे त्यांचं. मी तसंच उतरवतो:

"भाऊ, तुमचं पत्र यांनी दुकानात उभ्यानं वाचलं. रोजे चालू आहेत. त्या दिवशी इफ्तारला एक खजूर खाऊन उठले. दुसऱ्या दिवशी जी कोठी केली तिचं झाकण बसेना. वीस वर्षांत असं झालं नव्हतं म्हणतात. मला एवढंच विचारायचं आहे, संघाताईंना जानेवारी का नको? यांनी मला दोनदा विचारलं, मला काय माहीत असणार."

तुह्या ध्यानात राह्यलं म्हणजे. काही नाई, संघाच्या पोरीची शाळा असते जानेवारीत, म्हणून. अन् जरा घसा बसते तिचा आजकाल.

आमची तालीम सुरू झाली. तुह्या जागी हरिदासनं त्याच्या वरातीचा कीबोर्ड आणला आहे, त्यात ड्रमचं बटन आहे. दाबलं की टकटक सुरू होते अन् कोणासाठी थांबत नाई. संघा 'राखड' गाणं म्हणत होती, मधी श्वास घ्याले थांबली, तर ते मशीन तसंच पुढं चाललं गेलं. हरिदास म्हणाला, "हा तर पुण्याचाच पोरगा आहे." त्याचं पोट आता गिटारच्या पुढं येते, बासच्या तारा त्याले दिसत नाई, अंदाजानं वाजवतो. पहिल्यापेक्षा बरा वाजवतो.

दिवाळी अन् ईद एकाच आठवड्यात आल्या यंदा. आईनं तुह्यासाठी अनारसे करतो म्हटलं, मी म्हणलो पोस्टात चुरा होईल. तरी करून राह्यली.

कुलदीप


भद्रावती
रविवार, १३ नोव्हेंबर २००५

रफीक,

उशिरानं ईद मुबारक.

मागच्या पत्रात मी पुन्हा खोटं लिहलं. शाळेचं काही नाई.

संघाच्या गळ्यात गाठ आहे. थायरॉईडची. कॅन्सर नाई, तपासणी झाली, पण वाढून राह्यली आहे अन् श्वासनळीवर दाब येऊन राह्यला. नागपूरच्या डॉक्टरनं ४ जानेवारीची तारीख दिली. ऑपरेशन मोठं नाई म्हणते. पण आवाजाची नस त्या गाठीले चिकटून जाते, तिले धक्का लागला तर आवाज बदलतो, कधी जातोही. हे डॉक्टरनं तिच्यासमोर सांगतलं. ती स्वतः नर्स आहे, तिनं दोनच प्रश्न विचारले अन् उठली. बाहेर आल्यावर मले म्हणाली, "दादा, मले एकदा वाजवाचं आहे. चौघांनी."

अन् मले शपथ घातली की रफीकभाऊले सांगाचं नाई. दया येऊन येतील, ते मले नको.

मी दोन महिने नाई सांगतलं. प्रत्येक पत्र पेटीत टाकताना वाटे की मी तिचं ऐकून राह्यलो, म्हणजे चांगलं करून राह्यलो. मग कालच्या तालमीत बसल्या बसल्या लक्षात आलं की हे तर तेच आहे. मी पुन्हा एकदा तुह्यापासून अशी गोष्ट लपवून राह्यलो जी तुले माहीत असाले पायजे होती, अन् तुले न कळू देता तुहा निर्णय मी करून राह्यलो. तेव्हा तुले ठेवाचं नव्हतं म्हणून लपवलं, आता आणाचं आहे म्हणून. फरक काय?

म्हणून आज सकाळी संघाले सांगतलं की मी रफीकले लिहणार आहे. खूप बोलली मले. म्हणाली, "तुह्यावर विश्वास ठेवला की हेच होते." ऐकून घेतलं. दुपारी शांत झाली अन् म्हणाली, दे इकडं कागद. खालचं अक्षर तिचं आहे.

"रफीकभाऊ, दादानं सांगतलं ते खरं आहे, पण मी काही मरून नाई राह्यली. तुम्ही माह्यावर दया करून येत असाल तर मुलचेऱ्यातच बसा. तुम्हाले वाजवाचं असेल तर या. पुण्याले तुम्ही मले गा म्हणाले म्हणून मी गायली, ते मले आजही बरं नाई वाटत. मी उतरून तुमच्याजवळ येऊन बसाले पायजे होतं. बाबांची शपथ, तेव्हापासून वाटते. भाभींना सलाम अन् लेकरांना आशीर्वाद. — संघप्रिया."

बाबांची शपथ ती सहसा घेत नाई. तुले माहीत आहे, गाणं तिले बाबांनीच शिकवलं. त्यांच्या भीमगीतांच्या पार्टीत ती सहाव्या वर्षी कोरसले उभी राहे. तू पहिल्यांदा तिले ऐकलं ते तिथंच, चौदा एप्रिलले. तू म्हणाला होता, "ही पोरगी माईकशिवाय कारखान्याच्या भोंग्याच्या वर जाते." त्यावरून तर बँडचं नाव पडलं.

एवढंच.

कुलदीप


मुलचेरा, बसस्टँड
रविवार, २७ नोव्हेंबर २००५, दुपारी एक वाजता

रफीक,

हे पत्र मी तुह्यापासून दोनशे पावलांवर बसून लिहून राह्यलो.

सकाळची पहिली गाडी पकडली, चंद्रपूरले बदलली, आष्टीवरून इथी आलो. साडेअकराले तुही गल्ली सापडली. आवाजावरूनच. इथल्या बंगाली वस्तीतली एक बाई सायकलवर पत्र्याची पेटी बांधून परत जाऊन राह्यली होती, तिले विचाराची गरजच नाई पडली.

समोर इसरूची चहाची टपरी आहे, तिथी बसलो. तू पाठमोरा होता. कोठीचा तळ ठोकून राह्यला होता. मी तीन चहा प्यालो. प्रत्येक चहाले म्हणलो, हा संपला की उठतो. तुहा हातोडा एकदाही चुकला नाई. एका लयीत, थांबून थांबून, पत्रा फिरवून पुन्हा. मी बारा वर्षं मनात तुले दुःखी बसवून ठेवलं होतं, अन् तू तर तुह्या कामात नीट बसलेला दिसला. मले वाटलं, मी कोण याच्यात पाय टाकणारा.

मग उठून इथी स्टँडवर आलो. हे खरं कारण नाई, ते फक्त दिसाले चांगलं आहे. खरं म्हणजे मी भेलो.

इसरूजवळ आईचे अनारसे ठेवले आहेत. थोडे मोडले. हे पत्रही त्याच्याजवळच देतो. दोनची गाडी आहे. तू

नाई, थांब. कोणीतरी येऊन राह्यलं. भाभी आहेत वाटते. अन् मागं


भद्रावती
रविवार, ४ डिसेंबर २००५

रफीक,

ते अर्धं पत्र माह्या खिशातच राह्यलं, याच्यासंग पाठवतो.

भाभींनी मले टपरीवर ओळखलं कसं? त्या अन् मी तर कधी भेटलो नाई. विचारलं तर म्हणाल्या, "तीन चहा पिऊन कोणी रडत नसते." मी रडत होतो हे मले माहीत नव्हतं.

तू माह्या बाजूले बाकावर बसला तेव्हा तुह्या हाताले पत्र्याचा कीस लागलेला होता. आपण दोघांनी समोरच्या गाडीचा बोर्डच वाचला, किती वेळ. तू म्हणाला, "आई कशी आहे?" मी म्हणलो, "बरी आहे." तू म्हणाला, "संघाचं ऐकून वाईट वाटलं. पण ते वेगळं. तिच्यासाठी मी आलो असतो तरी तुह्याशी बोललो नसतो." मी माफी मागाले तोंड उघडलं तर तू हातानंच थांबवलं. "माफी नको. एक विचारतो, खरं सांग. माह्या ड्रमचा आवाज खराब होता का?"

अन् मी बोललो नाई. गाडी आली, कंडक्टर ओरडला, मी चढलो. तू खिडकीखाली उभा होता. तुले वाटलं असंल की उत्तर नाई म्हणजे खराब होता.

तसं नाई. मले घाईघाईत सांगाचं नव्हतं. आठ दिवस रोज कामावरून आलो अन् कॅसेट लावली. दोन्ही बाजू. आईले वाटलं मले काहीतरी झालं.

'राखड'च्या मधात एके ठिकाणी तुही लय पुढं पळते. मी तेव्हापासून त्याले तुही चूक समजत होतो. या वेळी कानाले लावून ऐकलं. संघाचा श्वास तिथी कमी पडला आहे, ती ओळ लवकर सोडते, अन् तू तिच्यासंग पळाला म्हणून ऐकणाऱ्याले ती चुकली असं वाटत नाई. अशा चार जागा सापडल्या. दोन ठिकाणी तू माही चूक झाकली आहे. मले बारा वर्षं माहीतच नव्हतं. पिंपाचा आवाज खोल आहे, जमिनीखालून आल्यासारखा. तो चकचकीत सेट पुण्याले तसा वाजला नाई.

तुह्या ड्रमचा आवाज चांगला होता. मले लाज वाटली, एवढंच होतं. त्या माणसानं 'लोक हसतील' म्हटलं अन् मले आपण सगळे एकदम त्याच्या डोळ्यानं दिसलो. तेलाची पिंपं, एक्स-रेच्या फिल्मवर कोणाच्या तरी बरगड्या, माही नागपूरच्या जुन्या बाजारातली गिटार. मी त्याले सांगू शकलो असतो की आम्ही असेच आहो. माह्या बाबांनी सांगतलं असतं. मी त्यातलं एक फेकून दिलं, म्हणजे बाकीचं बरं दिसंल. अन् जे फेकलं ते तू होता.

हे तुह्या प्रश्नाचं उत्तर. अठरा तारखेचं मी काही विचारत नाई.

कुलदीप


भद्रावती
शनिवार, १० डिसेंबर २००५

रफीक,

तुहं कार्ड आजच आलं. "सात पिंपं झाली. एक्स-रे पायजे, मोठे, छातीचे. संघाले सांग दवाखान्यातून आण. रंग देणार नाई."

संघानं बारा फिल्म जमवल्या आहेत. आम्ही तिघं सोळाले चंद्रपूरले येतो. तिथून हरिदासचा टेम्पो तुले घ्याले मुलचेऱ्याले येईल, तू बसनं पिंप आणू नको. मी टेम्पोत असीन. जास्त लिहत नाई.

कुलदीप


नागपूर
रविवार, ८ जानेवारी २००६

रफीक,

तू त्या दिवशी कार्यक्रम संपल्याबरोबर निघून गेला, सकाळी कोठी पोचवाची होती म्हणून. त्यामुळं काही गोष्टी तुले माहीत नाई. अन् काही तुले मागून दिसल्याच नसतील, ड्रमर नेहमी मागं असते. म्हणून लिहतो.

पिंपं स्टेजवर चढवली तेव्हा पोरं हसली, ते तू ऐकलं. पहिल्या गाण्यानंतर हसणं थांबलं, तेही ऐकलं असशील. पण पुढच्या रांगेत एक म्हातारे सर बसले होते, त्यांनी पहिल्या ठोक्याले कानावर हात ठेवले अन् तिसऱ्या गाण्याले ते हात गुडघ्यावर वाजवून राह्यले होते. हे तुले दिसलं नाई.

आता 'तिसरी पाळी'चं. दुसऱ्या कडव्यात, "लोखंड झोपत नाई, आम्ही काऊन झोपावं", तिथी संघाचा आवाज फाटला. फाटला म्हणजे नेहमीसारखा नाई, तुटलाच. ती थांबली. मी थांबलो, हरिदास थांबला. मले वाटलं तिले आता उतरवावं लागते. मी गिटार काढाले पट्ट्यावर हात नेला होता.

तू थांबला नाई. मोठ्या पिंपावर एकच ठोका, मग दुसरा, हळू, तिच्या श्वासाच्या अंतरानं. मले ते तेव्हा कळलं नाई, सीडीवर ऐकताना कळलं, फरहानं पाठवली आहे. बरोबर बेचाळीस ठोके तू एकटा वाजवला. तिचा चेहरा माह्याकडं होता. पहिले तिनं डोळे मिटले होते. मग तुहे ठोके मोजत असल्यासारखे तिचे ओठ हलाले लागले. मग तिनं ती ओळ पुन्हा धरली, पण खाली, एकदम खालच्या आवाजात, बाबा म्हातारपणी गात तसं. ओरडली नाई. म्हटली. मेटल ऐकाले आलेली पोरं, एकानं शिट्टी नाई मारली.

स्टेजवरून उतरल्यावर तिनं मले एकच सांगतलं. "दादा, आता मले ऑपरेशनची भीती नाई वाटत."

ऑपरेशन बुधवारी झालं. गाठ पूर्ण निघाली. पण नस ताणल्या गेली. डॉक्टर म्हणते सूज आहे, तीन महिन्यांत कळंल, परत येईल किंवा थोडा येईल किंवा नाई येणार. पहिले दोन दिवस तिच्या तोंडून नुसती हवा आली. काल दुपारी पोरगी भेटाले आली तेव्हा ती म्हणाली, "जेवली का?" घोगरा, बारीक, दुसऱ्याच कोणाचा वाटावा असा आवाज होता. पोरगी घाबरली. संघा हसली, मग दोघी हसल्या. जावई बाहेर जाऊन उभे राह्यले.

आज सकाळी तुहं पत्र आलं, मी नागभीडचा पत्ता दिला होता तिथून हरिदासनं आणलं. मी तिच्या पलंगाशी बसून मोठ्यानं वाचलं. "पुढच्या महिन्यात चौघं बसू. दुकानाच्या शेडमधी जागा केली आहे. संघाचा आवाज असो नसो, तिले आणा. नसंल तर ती सांगंल अन् आपण वाजवू. बंगाली लोक विचारून राह्यले पिंपं वाजवून पाह्यली तो कसला आवाज होता, त्यांनाही ऐकवतो म्हणलो."

वाचून झाल्यावर तिनं कागद माह्या हातातून घेतला अन् उशीखाली ठेवला. मग पाटी मागितली, बोलू नको म्हणून डॉक्टरनं दिली आहे ती, अन् लिहलं: "नवीन गाणं. खालच्या पट्टीत." त्याच्याखाली दोन ओळी लिहल्या अन् पुसल्या. मी वाचल्या नाई. मले दाखवाच्या असत्या तर पुसल्या नसत्या.

आम्ही १२ फेब्रुवारीले येतो. रविवार आहे. हरिदास त्याच्या टेम्पोतून सगळं सामान आणंल. आईही येतो म्हणते. मी म्हणलो, "तुले तर ऐकूच येत नाई." म्हणाली, "रफीकले पाहाले येतो, ऐकाले नाई."

भाभींना सांग, स्वयंपाकाची दगदग करू नका. अन् केलाच तर संघाले दोन महिने तिखट मना आहे. तिच्यासाठी थोडं वेगळं काढून ठेवा.

कुलदीप